सर्पदंशावर गावात बोलायचं कसं, आणि ते ठरावापर्यंत न्यायचं कसं

सर्पदंशाची बैठक एप्रिलच्या अखेरीस घ्या. आमच्याकडे, राजापूर-लांजा पट्ट्यात, ती बहुतेक गावांत जुलैमध्ये होते, कुणी दगावल्यावर. तेव्हा घर दुःखात असतं, निम्मं गाव लावणीच्या चिखलात असतं आणि उरलेलं गाव चूक कुणाची यावर भांडत असतं. एप्रिलच्या शेवटी चाकरमानी यायला लागलेले असतात. पावसाआधीची आवराआवर म्हणून लाकडं, गवत, कौलं यांना हात लागणार असतो, आणि १ मेची ग्रामसभा तोंडावर असते. बैठकीत जे ठरेल ते आठवडाभरात सभेत मांडता येतं आणि पाऊस पडायच्या आत कागद तालुक्याला पोचतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यात आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून काम केलं. आता निवृत्त आहे. नव्या आशाताई, शाळेतले गुरुजी, गावातली तरुण मुलं विचारायला येतात की सापाबद्दल लोकांना काय सांगायचं. त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते की लोकांशी बोलणं हे एक काम आणि सरकारकडून व्यवस्था करून घेणं हे दुसरं, असं समजू नका. साप चावून घरातच दगावलेल्या माणसाची नोंद कागदावर आली नाही, तर जिल्ह्याच्या हिशेबात तो सापाने गेलेलाच नसतो. आणि जो मृत्यू हिशेबात नाही, त्याच्यासाठी औषधाची मागणी कोण करणार?

देशाचंच बघा. बरीच वर्षं सर्पदंशाचे बळी रुग्णालयांच्या नोंदींवरून मोजले जायचे आणि ते थोडेच दिसायचे. मग मिलियन डेथ स्टडी नावाच्या अभ्यासात घरोघरी जाऊन विचारलं गेलं की तुमचं माणूस कशाने गेलं, आधी काय काय झालं होतं. २०११ साली त्याचा निष्कर्ष छापून आला: २००५ या एका वर्षात देशात सुमारे ४६ हजार माणसं सर्पदंशाने गेली. त्यातले ९७ टक्के मृत्यू खेड्यांतले. रुग्णालयात प्राण गेलेले फक्त २३ टक्के, बाकीचे घरात, वाटेत, शेतात. पुढे २०२० साली आणखी मोठा हिशेब आला: २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. दरम्यान २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. पडवीत बसून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं दिल्लीपर्यंत गेलं. तुमच्या गावातली बैठक त्याच वाटेवर आहे, हे मनात धरून तयारीला लागा.

आधी तीन घरं फिरा

बैठकीच्या आधी रात्रीची गाडी काढणाऱ्या रिक्षावाल्याकडे जा. झाडपाला देणाऱ्या किंवा मंत्र घालणाऱ्या जाणत्याकडे जा. आणि ज्या बाईला साप चावून गेला आहे, जी वाचली आहे, तिच्याकडे जा. बोलू नका, ऐका आणि लिहून घ्या. रिक्षावाला सांगेल की रात्री दोनला हाक आली की पहिला प्रश्न कुठल्या दवाखान्यात न्यायचं हा असतो, कारण जवळच्या ठिकाणी 'पुढे न्या' म्हटलं तर तास गेला. वाचलेली बाई सांगेल की आधी अर्धा तास घरात 'कोण पाहिजे, कुणाला बोलवू' यातच गेला. या दोन वाक्यांत तुमच्या बैठकीचा विषय आहे. साप विषारी असतो हे गावाला माहीत आहे. कुठे जायचं, कशाने जायचं आणि तिथे औषध असेल का, हे माहीत नसतं.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही आधीच भेटा. त्यांना भर सभेत खिंडीत गाठू नका. बरेचदा ते तरुण असतात, पहिलीच नेमणूक असते आणि इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर लोक अंगावर येतील ही भीती असते. ती भीती खोटी नाही. आपल्याकडचं सापाचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून तयार होतं, त्यामुळे काहींना अंगावर गांधी उठतात, रक्तदाब खाली जातो, क्वचित जिवावर बेतू शकतं. त्यासाठी अॅड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवावं लागतं. डॉक्टरांना विचारा: आज साठा किती, रात्री ड्यूटीवर कोण, श्वास द्यायची अंबू बॅग चालू आहे का, आणि तुम्हाला गावाकडून काय हवंय. शेवटचा प्रश्न विसरू नका. तो विचारला की डॉक्टर सभेला स्वतःहून येतात.

आकडा गावाच्या मापाचा करा

५८ हजार हा आकडा वाडीत सांगून उपयोग नाही. तो ऐकून कुणाच्या डोळ्यासमोर कुणी येत नाही. २०२० च्या त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे, तो सांगा: देशात सरासरी दर २५० माणसांत एकजण वयाच्या सत्तरीआधी सर्पदंशाने जाण्याचा धोका आहे. हजार वस्तीचं गाव असेल तर हिशेब चार माणसांचा होतो. पण लगेच हेही सांगा की ही देशाची सरासरी आहे. सगळ्यात जास्त मृत्यू झालेल्या आठ राज्यांत महाराष्ट्र नाही. एवढं प्रामाणिकपणे सांगितलं की पुढचं सगळं लोक विश्वासाने ऐकतात. आकडा फुगवून सांगणारा कार्यकर्ता एकदा पकडला गेला की त्या वाडीत त्याचं खरंही कुणी मानत नाही.

मग विचारा: "आपल्या गावात आठवतंय तसं कोण कोण गेलं?" थोडा वेळ थांबा. एक नाव येतं, मग दुसरं, मग कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी गुरं राखायला गेलेला पोरगा. ही नावं तुमच्या वहीत गेली पाहिजेत. फळ्यावर मात्र लिहू नका. त्या घरची माणसं समोर बसलेली असतात.

झाडपाल्याबद्दल कसं बोलायचं

इथे सगळ्यात जास्त गाड्या अडतात, म्हणून इथे सावकाश जा.

मंत्राने, मुळीने माणसं बरी होतात असं लोक म्हणतात, कारण त्यांनी बरी झालेली माणसं डोळ्यांनी बघितली आहेत. त्याला अंधश्रद्धा म्हणून तुम्ही हिणवलंत की बैठक तिथेच संपली. खरं कारण समजावून सांगा. आपल्याकडच्या बहुतेक सापांना माणसाला मारेल असं विषच नाही. धामण, दिवड, तस्कर, कवड्या चावला तर काही न करताही माणूस बरा होतो. आणि नाग-घोणसही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. तेव्हा जाणत्याकडे गेलेल्यांपैकी पुष्कळ जण बरे होणारच होते. वाईट एवढंच की उरलेल्यांचा वेळ तिथे जातो.

आमच्या शेजारच्या गावात एक म्हातारे जाणते होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. मी त्यांच्या पडवीवर जाऊन बसले. ते म्हणाले, "बाई, माझ्या हातून एवढी माणसं उठून गेली, ती काय खोटी?"

मी म्हटलं, "खोटी कशी असतील नाना? पण एक विचारते. माणूस आला आणि त्याचे डोळेच उघडेनात, जीभ जड झाली, तर तुम्ही काय करता?"

"तो माझ्या हातातला नाही. त्याला मी दवाखान्याची वाट दाखवतो."

"मग नाना, ती वाट आधीच दाखवा. गाडी येईपर्यंत तुम्ही मंत्र म्हणा, गाडीत बसूनही म्हणा. पण १०८ ला पहिला फोन तुमच्या घरातून जाऊ दे."

त्यांनी ते मानलं. पुढे कुणाला साप चावला की नानांचा नातू फोन करायचा आणि नाना माणसाला धीर देत गाडीत बसायचे. जाणत्याला गावातून उठवू नका. पहिली हाक त्यालाच जाते, तर ती हाक पुढे दवाखान्यात कशी पोचेल ते बघा.

दवाखान्यात काय चालतं, तेही गावाला दाखवा

खूप भांडणं इथून सुरू होतात. पेशंट आणला, आणि डॉक्टर लगेच इंजेक्शन न देता थांबून बसले. नातेवाईक चिडतात, उचलून दुसरीकडे नेतात किंवा सरळ घरी आणतात. म्हणून बैठकीत एक काचेची परीक्षानळी घेऊन जा आणि त्यातलं काम समजावून सांगा.

चावलेल्या माणसाचं २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही. ती २० मिनिटं एका जागी, न हलवता ठेवतात. मग एकदाच तिरकी करतात. रक्ताचा गोळा होऊन तो जागचा हलला नाही, तर रक्त गोठतंय. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय आणि इंजेक्शन सुरू होतं. नाग आणि मण्यारीचं विष या नळीत दिसत नाही. तिथे पापण्या मिटताहेत का, बोलणं-गिळणं जड जातंय का, श्वास कसा चाललाय, यावर डॉक्टरांची नजर असते. रिकामी नळी हातात फिरवून एवढं सांगितलं, आणि २० मिनिटं थांबणं हाच उपचाराचा भाग आहे हे पटलं, की लोक थांबतात. सुरुवातीला काही दिसलं नाही तरी निदान २४ तास दवाखान्यातच राहायचं, हेही इथेच सांगा. नळीची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

आई-बाप आणखी एक विचारतात: एवढ्याशा पोराला मोठ्या माणसाएवढं इंजेक्शन? सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या? हो. सापाने पोर बघून कमी विष सोडलेलं नसतं. औषध विषाच्या हिशेबाने लागतं, वजनाच्या नाही.

हे इंजेक्शन चार सापांच्या विषावर चालतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. आपल्याकडे झाडीत हिरवा चापडा असतो, त्याच्यावर ते लागू नाही, हेही लपवू नका. चापडा चावला तरी दवाखान्यातच जायचं, कारण सूज, वेदना, रक्तस्राव यांचे उपचार तिथेच होतात.

हातांनी करून दाखवा

भाषणातलं लोक विसरतात. बैठकीला आलेल्या एखाद्या मुलाला बाकावर झोपवा. पाय मोडल्यावर बांधतात तशी बांबूची पट्टी लावा, दोन पंच्यांनी सैल बांधा आणि एक बोट आत जातंय ना ते दाखवा. सुतळीने आवळायचं नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ नाही. पैंजण, जोडवी, अंगठी, बांगड्या आधी काढा, कारण सूज आली की निघत नाहीत. बाईच्या हातातल्या बांगड्या काढायच्या म्हटलं की सासवा कुरकुरतात. ते बैठकीतच बोलून घ्या, रात्री दोनला त्यावर वाद नको. चावल्याची वेळ कागदावर लिहून पेशंटच्या खिशात ठेवा. सापाला मारायला कुणी मागे लागू नका, लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही तरी चालेल.

मण्यारीचं वेगळं सांगा. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही आणि व्रणही बरेचदा सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, उलटी होते, आणि घरचे पित्त म्हणून ओवा-लिंबू देत बसतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं आणि पापण्या जड झाल्या की गाडी बोलवा, साप दिसला असो वा नसो. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने मण्यारीपासून खूप बचाव होतो. फुरसं कातळावर, जांभ्या दगडाच्या खाली असतं. दगड उचलायचा, गवताचा भारा ओढायचा, तर आधी काठीने हलवायचा आणि मगच हात घालायचा.

व्हॉट्सॅपवर मेसेज पाठवायचा असेल तर मिनिटभराचा आवाज पाठवा, गावातल्याच ओळखीच्या माणसाच्या बोलीत. एका मेसेजात एकच गोष्ट सांगा. जखमांचे फोटो नकोत.

ठराव असा लिहा

बैठक झाली, टाळ्या झाल्या, आणि गाव होतं तिथेच राहिलं, असं होऊ द्यायचं नसेल तर ठरावाचा मसुदा बैठकीतच लिहून घ्या. ग्रामसभेत हमखास येणारं वाक्य असतं: "सर्पदंशाबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी." या वाक्यावर कुणीही काहीही करत नाही, कारण कुणी, काय, कधीपर्यंत, यातलं त्यात काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा:

"प्राथमिक आरोग्य केंद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर या काळात सर्पविषप्रतिबंधक लस (सापाचं इंजेक्शन) आणि अॅड्रेनॅलिन यांचा शिल्लक साठा दर सोमवारी दर्शनी फलकावर लिहावा. साठा संपण्यापूर्वी मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवून तिची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. रात्री उपलब्ध असणाऱ्या खाजगी वाहनचालकांची यादी प्रत्येक वाडीत लावावी. गावातील प्रत्येक सर्पदंशाची नोंद, घरी झालेल्या मृत्यूसह, आशा स्वयंसेविकेने ठेवून दरमहा आरोग्य केंद्रास द्यावी."

सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा. सूचक बाई असेल तर उत्तम. गवत कापायला, लाकडं आणायला, पहाटे बाहेर जायला त्याच असतात. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे विषय घ्या आणि तिथून तो ग्रामसभेत येऊ द्या. गणपूर्तीकडे लक्ष ठेवा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात कमी असेल तेवढे हजर लागतात. गमबूट, बॅटऱ्या, बांबूच्या पट्ट्या अशा किरकोळ गोष्टींसाठी तालुक्याकडे हात पसरायची गरज नाही. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला १० हजारांपर्यंतचा अबंधित निधी येतो. तो खर्च करायचा निर्णय समिती घेऊ शकते, फक्त तिच्या सभेच्या वहीत तो लिहिलेला हवा.

ठरावाची साक्षांकित प्रत घ्या आणि तिला एक पानाचा तक्ता जोडा. तक्त्यात नावं घालू नका. तारीख, वाडी, वय, पुरुष की बाई, चावल्याची वेळ, दवाखान्यात पोचल्याची वेळ, कुठल्या वाहनाने, कुठे उपचार, पुढे काय झालं, एवढे रकाने पुरेत. घरात, वाटेत गेलेली माणसं यात यायलाच हवीत. तुमच्या वहीतली नावं इथे कामाला येतात. घरी झालेल्या मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची असते, त्या वेळी सर्पदंशाची हकीकत सांगायला घरच्यांसोबत जा. दुःखात असलेलं घर कारणाच्या रकान्याकडे बघत नाही.

या तक्त्याला क्षुल्लक समजू नका. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाचे पेशंट बघायचे. प्रत्येकाशेजारी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या, त्या वैद्यकीय नियतकालिकांना पाठवल्या, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध या दंशावर वापरात आणलं. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. सुरुवात खेड्यातल्या दवाखान्यातल्या कागदावर झाली होती.

ठराव आणि तक्ता तीन ठिकाणी द्या: आरोग्य केंद्र, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग. पोस्टाने टाकून मोकळे होऊ नका. हातोहात द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. त्या क्रमांकाशिवाय पुढच्या वेळी बोलायला काही आधार राहत नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात, तेव्हा उठून ठरावाचं काय झालं ते विचारा. "साठा उपलब्ध आहे" असं उत्तर आलं तर विचारा, कुठल्या तारखेला किती होता, आणि फलकाचा फोटो दाखवा. जून-जुलैमधल्या नव्या नोंदी घालून तक्ता पुन्हा जोडा. डॉक्टरांनी पावसात रात्री पेशंट वाचवला असेल, तर त्याच सभेत त्यांचं नाव घेऊन अभिनंदनाचा ठराव मांडा आणि त्याचीही प्रत तालुक्याला पाठवा.